‘सगळे पास झाले नाहीत’ म्हणजे नक्की किती? फर्स्ट इयरला सिद्धता लिहिताना

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गणितात पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिकचा असतो. ट्रुथ टेबल (विधान कधी खरं, कधी खोटं ते दाखवणारा तक्ता) भरता येतं, स्विचचं सर्किट काढता येतं, त्यामुळे ठाण्या-नवी मुंबईतल्या कॉलेजांत एफवायला आलेल्यांना वाटतं, लॉजिक झालंय आपलं. मग ट्युटोरियलला ‘सिद्ध करा’ येतं आणि पान कोरं राहतं. टेबल भरणं वेगळं, सिद्धता लिहिणं वेगळं. चिन्हांना हात लावण्याआधी विधान पूर्ण मराठी वाक्यात लिहा. शाळेच्या भूमितीतली पक्ष-साध्य ही जोडी पुन्हा बाहेर काढा: वर काय दिलंय, खाली काय दाखवायचंय, मध्ये मोकळी जागा.

जर-तर समजायला ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल पुरते. ‘ठाण्याहून सुटलेली लोकल पनवेलची असेल, तर ती तुर्भ्याला थांबते.’ याचा व्यत्यास, म्हणजे ‘तुर्भ्याला थांबते, तर पनवेलचीच’, खोटा आहे. वाशीची लोकलही तुर्भ्याला थांबून मग सानपाड्याकडे वळते. पण ‘तुर्भ्याला थांबत नसेल, तर ती पनवेलची नाही’ हे मूळ विधानच आहे, फक्त उलट्या बाजूने सांगितलेलं. यालाच काँट्रापॉझिटिव्ह म्हणतात. मूळ विधान खोटं पाडायचं तर पनवेलची असून तुर्भ्याला न थांबलेली गाडी दाखवावी लागेल. वाशीच्या गाडीने काहीही केलं तरी विधानाला धक्का लागत नाही. ट्रुथ टेबलात ‘जर’ खोटा असताना शेवटी ‘खरं’ का येतं, ते एवढंच.

आता वापर बघा. ‘अ² सम असेल, तर अ सम.’ सरळ गेलात तर अ² = २क, मग वर्गमूळ, आणि तिथेच अडकाल. उलट बाजूने या: अ विषम धरा, अ = २क + १. मग अ² = ४क² + ४क + १ = २(२क² + २क) + १, म्हणजे विषम. संपलं. साध्यात ‘नाही’ घातल्यावर हातात धरायला काही मिळत असेल, तर हीच वाट आधी बघा.

अक्षरं निवडताना होणारी चूक फार जुनी आहे. ‘दोन विषम संख्यांची बेरीज सम’ दाखवताना दोन्ही संख्या २क + १ लिहिल्या जातात. उत्तर बरोबर येतं, पण सिद्ध होतं ते फक्त ७ + ७ सारख्या जोड्यांसाठी. ३ + ९ बाहेरच राहतात. दुसरी संख्या २ग + १ घ्या, बेरीज २(क + ग + १).

नकार करताना आपली भाषाच दगा देते. ‘सगळे पास झाले नाहीत’ म्हणजे काही नापास की झाडून सगळे? बोलताना चालतं, पेपरात नाही. ‘प्रत्येक’चा नकार ‘निदान एक असा आहे, जो नाही’ असाच लिहा, आणि ‘असा एक आहे’चा नकार ‘असा एकही नाही’. जर-तरचा नकार जर-तर नसतो: ‘पनवेलची आहे आणि तरीही तुर्भ्याला थांबत नाही’. हा सराव वहीशिवाय, गाडीत उभ्याउभ्याही होतो. समोरच्या जाहिरातीतलं वाक्य घ्या आणि खोटं पाडायला काय दाखवावं लागेल ते ठरवा.

शब्दांचा क्रमही सांभाळा. ‘प्रत्येक प्रवाशाचं एक उतरायचं स्टेशन असतं’ आणि ‘असं एक स्टेशन आहे, जिथे प्रत्येक प्रवासी उतरतो’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात स्टेशन प्रवाशागणिक बदलतं. लिमिटच्या व्याख्येत डेल्टा (इनपुट किती जवळ ठेवायचं) तसाच एप्सिलॉनगणिक (उत्तर किती जवळ हवं) बदलतो, म्हणून आधी एप्सिलॉन येतो, मग डेल्टा.

वहीच्या डाव्या पानावर कच्चं काम, उजव्यावर पक्कं. कच्च्यात साध्यापासून मागे चालायला हरकत नाही. अ, ब धन असताना (अ + ब)/२ ≥ √(अब) दाखवायचंय: दोन्ही बाजू दुप्पट करा, वर्ग करा, ४अब डावीकडे आणा, शेवटी (अ − ब)² ≥ ० उरतं. पक्क्या पानावर हे खालून वर लिहायचं: (अ − ब)² ≥ ०, म्हणून (अ + ब)² ≥ ४अब, अ + ब धन म्हणून वर्गमूळ, मग दोनाने भागा. साध्यापासून निघून खऱ्या गोष्टीपर्यंत पोचलं की सिद्ध झालं, असं वाटत असेल तर −१ = १ चा वर्ग करून बघा. १ = १ मिळतं.

उदाहरणं तपासणं अंदाजासाठी चांगलं, पुराव्यासाठी नाही. अ² + अ + ४१ मध्ये ० ते ३९ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या घाला, दर वेळी मूळ संख्या येते. ४० घाला: १६८१, म्हणजे ४१ × ४१.

पक्कं लिहून झालं की प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहा: दिलेलं, व्याख्या, की मागची कितवी ओळ. ‘उघड आहे’ असं लिहावंसं वाटलं, तर भोक बहुधा तिथेच असतं. मग पक्षातली प्रत्येक अट कुठे वापरली ते शोधा. वरच्या (अ + ब)/२ ≥ √(अब) मध्ये ‘धन’ खोडून अ = ब = −१ घ्या: डावीकडे −१, उजवीकडे १. विधान पडलं. सिद्धता वर्गमूळ घेण्याच्या ओळीवर मोडायला हवी, आणि तिथेच मोडते.