तंबोऱ्याला उचकी लागते तेव्हा: लिनक्सवर इंटरप्टचा घोळ कसा शोधावा

ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या आमच्या माडीवर मी ख्यालाचं रेकॉर्डिंग करतो. तबल्यात दोन-तीन मिलिसेकंद गळले तरी कानाला पत्ता लागत नाही. तंबोऱ्यात लगेच टिक् ऐकू येतं. एका बुजुर्ग गुरुजींनी विलंबितात मध्येच थांबून विचारलं होतं, "अरे, तुझ्या यंत्राला उचकी लागलीय का?"

ही उचकी म्हणजे इंटरप्ट (उपकरणाने 'आधी माझं काम बघ' म्हणून सीपीयूला मारलेली हाक) अडकल्याने गळलेला आवाज. लिनक्सवर ती कुठे लागते ते कसं शोधायचं, हे सांगतो.

सुरुवातीचं उरकून टाका: ऑडिओ गटात तुमचं नाव, लिमिट्समध्ये आरटीप्रायो (प्राधान्याची कमाल मर्यादा) ९५ आणि मेमलॉक (मेमरी अडवून ठेवायची मर्यादा) अनलिमिटेड, सीपीयू गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारा) परफॉर्मन्सवर, वायफाय बंद.

आता कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा. कुणीही विचारलं की "आरटी (रिअल-टाइम, ठरल्या वेळेत काम करणारा) कर्नेल टाक" हा सल्ला तयारच असतो. २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून त्यासाठीचा प्रीएम्प्ट-आरटी हा कोड मूळ कर्नेलमध्येच आहे, त्यामुळे पॅच लावत बसायचे दिवस गेले. साध्या कर्नेललाही बूट करताना 'थ्रेडआयआरक्यूज' (इंटरप्टची कामं वेगवेगळ्या धाग्यांत, म्हणजे थ्रेडमध्ये, टाकणारा) हा पर्याय दिला तर बऱ्याच वेळा भागतं. मी मात्र तेव्हा महिनाभर कर्नेल कंपाइल करत बसलो होतो, आणि दोष भलतीकडेच होता.

आता सायक्लिकटेस्ट ही उशीर मोजणारी चाचणी चालवा, मशीनवर भार टाकून आणि निदान अर्धा तास. सरासरीकडे बघू नका, फक्त 'मॅक्स'चा आकडा बघा. तो मायक्रोसेकंदांत असतो. ४८००० हर्ट्झवर १२८ फ्रेमचा बफर (एका खेपेला हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा) म्हणजे २.६७ मिलिसेकंद, त्यापुढे शंभर-दीडशे मायक्रोसेकंद काहीच नाहीत. पण आकडा चांगला आला म्हणून खूश होऊ नका. ही चाचणी टायमरवर धागा किती वेळेत जागा होतो एवढंच मोजते. तुमच्या साउंड इंटरफेसचा (माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्राचा) इंटरप्ट कुठे अडकतो, हे तिला माहीतच नसतं.

खरी मारामारी इथे आहे. माझ्याकडे टिक् फक्त रेकॉर्ड करताना यायचं, नुसतं वाजवताना कधीच नाही. बाहेरची हार्ड डिस्क आणि इंटरफेस एकाच यूएसबी कंट्रोलरवर बसले होते. मी पोर्ट बदलला, 'एलएसयूएसबी -टी' या यूएसबी जोडण्या दाखवणाऱ्या आज्ञेत बसचा (जोडमार्गाचा) नंबर वेगळा दिसला, म्हटलं सुटलो. कसलं काय! एकाच एक्सएचसीआय (आजच्या यूएसबी प्रकारच्या) कंट्रोलरच्या दोन बस दिसतात, एक यूएसबी २ची, एक ३ची. नंबर वेगळा म्हणजे कंट्रोलर वेगळा, असं मुळीच धरू नका. कंट्रोलरचा पीसीआय पत्ता (मदरबोर्डावरची त्याची ओळख) पडताळा. बऱ्याच लॅपटॉपांत कंट्रोलर एकच असतो आणि वेबकॅम, ब्लूटूथही त्याच्याच गळ्यात असतात. मग इलाज सरळ आहे: वेबकॅम बायोसमधून बंद करा आणि रेकॉर्डिंग आतल्या डिस्कवर घ्या.

त्यानंतर 'प्रॉक'मधली 'इंटरप्ट्स' ही फाइल दर सेकंदाला बघत इंटरफेस वाजवा. ज्या एक्सएचसीआयच्या ओळीतला आकडा भराभर चढतो, ती तुमची. इंटरप्टचे सगळे धागे मुळात एकाच प्राधान्यावर, ५० वर, असतात. म्हणजे तुमच्या आवाजाला नेटवर्क कार्डाइतकाच मान. 'सीएचआरटी' या प्राधान्य बदलणाऱ्या आज्ञेने तुमच्या इंटरफेसचा धागा ९० वर न्या आणि जॅक (प्रोग्रॅम आणि इंटरफेस यांत आवाजाची ने-आण करणारा सर्व्हर) ७० वर ठेवा. उलटं करू नका. इंटरप्टच मागे राहिला तर जॅक वाट बघण्यापलीकडे काय करणार? ९९ तर कुणालाच देऊ नका, तिथे कर्नेलची स्वतःची कामं असतात. स्क्रिप्ट लिहाल तेव्हा धागा नावाने शोधा, नंबराने नाही. पुढच्या बूटला नंबर बदलू शकतो आणि तुम्ही भलत्याच धाग्याला गादीवर बसवाल. इथे मी दोनदा फसलोय.

एवढं करूनही सायक्लिकटेस्टमध्ये मधूनच मोठा आकडा उसळला तर 'एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट' हे हार्डवेअरमुळे होणारा उशीर पकडणारं साधन चालवा. बायोसचा फर्मवेअर एसएमआय नावाच्या इंटरप्टने सीपीयू परस्पर काढून घेतो आणि लिनक्सला तो अडवता येत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास गेला की तापमान आणि पंख्याच्या कारभारावर माझा पहिला संशय जातो. बायोसमध्ये पंखा कायम चालू ठेवायची सोय असली तर ठेवा, आणि मशीन माइकपासून लांब सरकवा.

शेवटी, जॅकच्या जागी पाइपवायर (तेच काम करणारा दुसरा सर्व्हर) असेल तर त्याच्या 'पीडब्ल्यू-टॉप'मधला 'ईआरआर' हा चुका मोजणारा रकाना समोर ठेवून तासभर नुसता तंबोरा रेकॉर्ड करा. आकडा हलला नाही, तरच १२८ चा बफर ६४ करायचा विचार करा.