हाताच्या नसेत ब्लॉक? अँजिओप्लास्टीला जायच्या आधी दोन्ही हातांचं बीपी बघा

अँजिओप्लास्टी, म्हणजे चोंदलेली नस आतून फुग्याने उघडणं, म्हटलं की सगळ्यांना हार्टच आठवतं, पण हाताला रक्त नेणारी नसही चोंदते. कॉलरबोनच्या खालून जाणारी सबक्लेव्हियन आर्टरी, आणि उजवीपेक्षा डावी जास्त वेळा. आमच्या आईचं दोन वर्षं ‘मानेचा मणका’ म्हणून शेकणं चाललं होतं. दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केला की दोन मिनिटांत भरून यायचा, खाली सोडला की बरं वाटायचं. शेवटी एका नर्सने सहज दुसऱ्या हाताला पट्टा लावला तर उजवीकडे वरचं १४८ आणि डावीकडे ११०!

म्हणून पहिलं काम घरीच करा. पाच मिनिटं शांत बसून दोन्ही हातांचं बीपी मोजा, वरच्या आकड्यात १५ पेक्षा जास्त फरक परत परत येत असेल तर व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) डॉक्टरांना दाखवा. आणि यापुढे बीपी ज्या हातात जास्त येतं त्यातच मोजायचं, नाहीतर ब्लॉकवाला हात सगळं नॉर्मल दाखवत राहतो आणि खरं बीपी वाढलेलं कळतच नाही.

हाताने काम करताना चक्कर येते का, हेही डॉक्टरांना सांगा. नस सुरुवातीलाच बंद असली की हात मेंदूकडे जाणारं रक्त मानेतल्या नसेतून उलटं ओढून घेतो, शेजाऱ्याच्या टाकीतून पाणी ओढावं तसं. बायपास झालेल्यांनी तर जास्तच सावध राहायचं, कारण छातीतली जी नस हार्टला जोडतात ती बहुतेक वेळा याच डाव्या सबक्लेव्हियनमधून निघते, त्यामुळे हाताच्या ब्लॉकमुळे छातीत दुखू शकतं.

आता स्पष्टच सांगतो, रिपोर्टमध्ये ब्लॉक दिसला म्हणून लगेच स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकायचा नसतो. त्रास नसेल तर बऱ्याच जणांना गोळ्या, सिगरेट बंद आणि शुगर-कोलेस्टेरॉल कंट्रोल एवढ्यावर ठेवतात. तरुण बाईला असा ब्लॉक निघाला तर आधी ताकायासू आजार आहे का ते बघतात, त्यात नसेला सूज असते आणि सूज चालू असताना शक्यतो फुगा मारत नाहीत, आधी औषधाने ती उतरवतात.

करायचंच ठरलं तर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओ (नसांचा सीटी स्कॅन) होतं. त्यात कॉन्ट्रास्ट डाय देतात म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात ठेवा, कसली अ‍ॅलर्जी असेल किंवा शुगरची मेटफॉर्मिन, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते स्वतःहून सांगा, कोणी विचारायची वाट बघू नका. डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा, ‘मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल नस स्टेंटखाली झाकली जाणार आहे का?’

प्रोसीजरमध्ये पेशंट जागाच असतो. जांघेतून किंवा हातातून, सुई टोचायची ती जागा बधिर करून बारीक वायर ब्लॉकच्या पलीकडे नेतात, त्यावरून फुगा आणि बहुतेक वेळा स्टेंट. फुगा फुगताना खांद्यात दाबल्यासारखं होतं, जास्त दुखलं तर लगेच बोला, गप्प सोसत बसू नका. नस पूर्ण बंद असेल तर कधीकधी वायर जातच नाही, मग मानेजवळ छोटी बायपास सर्जरी हा दुसरा रस्ता.

जांघेतून केलं असेल तर नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. कंटाळा येतो पण पाय वाकवला की रक्त येऊ शकतं. बोटं गार किंवा निळी पडली, टोचलेल्या जागी गाठ वाढायला लागली, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सांगितलं तितके दिवस घ्यायच्याच, दात काढायचा म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. स्टेंटमधली नस परत अरुंद होऊ शकते, तेव्हा दोन्ही हातांचं बीपी वहीत लिहीत राहा आणि दर चेकअपला ती वही घेऊन जा. आईच्या वहीतला फरक आता चार-पाचच्या आत आहे.