नाथसागरावर पॅडलबोर्ड घेऊन डाउनविंड निघायच्या आधी

पॅडलबोर्ड म्हणजे वर उभं राहून वल्ह्यानं, म्हणजे पॅडलनं, हाकायची लांब तरंगती फळी, आणि डाउनविंड म्हणजे वारं पाठीवर घेऊन एका काठावरून निघायचं आणि लाटांवरून बोर्ड घसरवत दुसऱ्याच काठाला लागायचं, मजा सगळी ह्यातच आणि लफडं पण ह्यातच, कारण त्या वाऱ्यात उलटं येणं जमत नाही. म्हणून तयारी सुरू करायची ती शेवटी काठाला लागायच्या जागेपासून. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, पावसाळ्यात वारं बहुतेक पश्चिमेकडून असतं आणि पैठणचं धरण पाण्याच्या पूर्वेच्या टोकाला, म्हणजे कायगाव टोक्याच्या बाजूनं निघून नुसतं वाऱ्यावर सोडून दिलं तर शेवटी लागणार ते सरळ त्या १० किलोमीटर लांब भिंतीकडं. तिथं लाटा भिंतीवर बसवलेल्या दगडांवर आपटतात, २७ दरवाजे पण तिथंच, बोर्ड सोडा माणूससुद्धा धड वर निघायचा नाही. तर भिंतीच्या बरंच अलीकडं, गाडी पाण्यापाशी येईल अशी जागा आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा, आणि मधे थकून बाहेर पडायला अजून एखादी. नकाशावर भरवसा ठेवू नका, पाणी उतरलं की काठ कुठल्या कुठं मागं जातो अन् मधे उरतो नुसता गाळ.

परवानगीचं पण आधीच बघा, हे पक्षी अभयारण्य आहे आणि लोकांच्या पिण्याचं पाणी आहे, वनविभाग आणि पाटबंधारे दोन्हीकडं विचारायचं, नाही म्हणाले तर विषय संपला, दुसरा तलाव शोधा. दरवाजे उघडून विसर्ग चालू असेल तर धरणाच्या वर पण नाही आणि खाली गोदावरीत तर अजिबातच नाही.

आता वारं. ॲपवर नॉट दिसतात, १ नॉट म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर ताशी, तर १५ नॉट म्हणजे २८ च्या आसपास, नवख्यानं १० नॉटच्या वर वारं असताना जाऊच नये असं माझं स्पष्ट मत. आणि निघायच्या काठावरून बघून फसू नका, तिथं पाणी गुळगुळीत दिसतं कारण वाऱ्याला लाट उचलायला अजून जागाच मिळालेली नसते, जसं पुढं जाल तशी लाट मोठी होत जाते, आणि आपण वाऱ्याच्याच दिशेनं पळायलोय म्हणून अंगाला वारं लागत पण नाही, वाटतं काहीच नाही. उपाय सोपाय, काठाजवळच बोर्ड फिरवून पाच मिनिटं वाऱ्यावर उलटं पॅडल मारून बघा, जागच्या जागी राहायलात तर त्या दिवशी निघू नका. उभं राहून जमेना तर गुडघ्यावर, ते पण नाही तर पोटावर झोपून हातानं, ह्या दोन्हीची सवय आधीच पाहिजे.

एप्रिल-मेमधी दुपारनंतर तर नकोच. वळवाचं आभाळ कधी भरंल सांगता येत नाही, लांब धुरळ्याची भिंत उठलेली दिसली आणि एकदम गार झुळूक आली की वारं दिशा बदलणार हे समजा. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमधी ठेवा, पण गडगडाट ऐकू आला की ॲप बघत बसायचं नाही, जवळचा काठ धरायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात पाय नाही. झाडाखाली पण नाही, गाडीत बसा. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, मराठवाड्यात वीज पडून माणसं जातात हे नव्यानं सांगायला नको.

लाइफ जॅकेट अंगात, बोर्डाला बांधलेलं नाही. लीश, म्हणजे आपल्याला बोर्डाशी बांधून ठेवणारी दोरी, तर पाहिजेच, पडलात की बोर्ड वाऱ्यानं असा पळतो की पोहून गाठता येत नाही, म्हणून पडल्यावर हात आधी बोर्डाला, पॅडल नंतर. इथं मी कमरेची, ओढली की सुटणारी लीशच सांगीन, कारण मच्छीमारांची जाळी. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे, बोर्डाखालचं पातं, म्हणजे फिन, त्यात गुतली की बोर्ड एकदम थांबतो आणि तुम्ही पुढं तोंडावर. बोथट टोकाची छोटी सुरी जवळ असू द्या, पण जीवावर बेतल्याशिवाय जाळं कापू नका, त्याचं पोट आहे त्यावर. उलट त्याच मच्छीमार भाऊंना विचारून मोटरवाली होडी सोबत घ्या, योग्य पैसे द्या, हवाईत मोलोकाई ते ओआहू अशी ५० किलोमीटरच्या वर शर्यत असते तिथं पट्टीच्या लोकांनाही सोबत होडी लागतेच, मग आपण कोण. पाण्याखालची जुनी झाडं, बांध पण त्यांनाच माहीत.

फोन वॉटरप्रूफ पाउचमधी अंगावर, शिट्टी जॅकेटला. एकट्यानं नाही, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला मागं ठेवायचं नाही. काठावर एकजण पाहिजे ज्याला निघायची आणि पोचायची वेळ, बोर्डांचे रंग लिहून दिलेत, ठरल्या वेळेला फोन आला नाही तर त्यानं वाट न बघता ११२ लावायचा. पाणी माणशी दोन लिटर, टोपी, फुल बाह्या. हवेचा बोर्ड असेल तर कंपनीनं लिहिलेल्या प्रेशरइतकाच भरा आणि भरून उन्हात टाकून चहा प्यायला जाऊ नका, हवा फुगून शिवण उसवते.

राहिली गाडी. काठाला लागायच्या जागी जी गाडी आधी नेऊन लावली तिची किल्ली हमखास निघायच्या जागेवरच्या गाडीत राहते, मग ओल्या कपड्यात सगळे काठावर उभे, तर निघायच्या आधी ती किल्ली कुणाच्या पाउचमधी आहे हे नाव घेऊन विचारा आणि दाखव म्हणा.