संत बोनिफेस यांचे चरित्र लिहिताना या चुका टाळा

संत बोनिफेस यांना ‘जर्मनांचे प्रेषित’ म्हटले जात असल्यामुळे त्यांना जर्मन समजण्याची चूक सर्रास होते. ते इंग्लंडचे अँग्लो-सॅक्सन मठवासी होते आणि त्यांचे मूळ नाव विनफ्रिथ होते. ‘बोनिफेस’ हे नाव त्यांना ७१९ मध्ये रोम येथे पोप दुसरे ग्रेगरी यांनी दिले. म्हणून ७१६ मधील फ्रीसियाच्या (आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडील प्रदेशाच्या) पहिल्या, निष्फळ प्रवासाविषयी लिहिताना त्यांना विनफ्रिथ म्हणणेच योग्य. त्यांच्याआधी जर्मन प्रदेशात ख्रिस्ती धर्म नव्हता, हेही खरे नाही. वुर्झबर्ग येथे आयरिश धर्मप्रचारक किलियन त्यांच्या आधी होऊन गेले होते.

सर्वांत जास्त गोंधळ जर्मन प्रदेशातील गाइस्मार येथील ओक वृक्षाच्या प्रसंगाविषयी आढळतो. डोनार या जर्मन मेघगर्जनेच्या देवाला वाहिलेला हा वृक्ष त्यांनी ७२३ च्या सुमारास तोडला आणि त्याच्या लाकडातून संत पीटर यांच्या नावाने प्रार्थनास्थळ उभारले, असे त्यांचे चरित्रकार माइन्झचे विलिबाल्ड यांनी बोनिफेस यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच लिहिले. ख्रिसमसच्या झाडाची प्रथा याच प्रसंगातून सुरू झाली असे सांगितले जाते, पण त्या वृत्तांतात ख्रिसमसच्या झाडाचा उल्लेखही नाही; तो धागा फार उशिरा जोडला गेला, म्हणून मूळ प्रसंग सांगताना तो बाजूला ठेवावा. एकट्या माणसाच्या धैर्याची कथा म्हणूनही हा प्रसंग रंगवू नये, कारण फ्रँक (त्या भागावर वर्चस्व असलेल्या जर्मन वंशाच्या लोकांचे) सत्ताधीश चार्ल्स मार्टेल यांचे संरक्षणपत्र त्यांच्याजवळ होते आणि त्या आश्रयाविना आपल्याला लोकांवर नियंत्रण ठेवता येणार नाही, हे त्यांनी विंचेस्टरचे बिशप डॅनिएल यांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच मान्य केले आहे. मला हे पत्र त्या वृक्षाच्या कथेपेक्षा मोलाचे वाटते. याच डॅनिएल यांनी त्यांना पूर्वी सल्ला दिला होता की, मूर्तिपूजकांशी बोलताना अपमान न करता, शांतपणे प्रश्न विचारून त्यांना विचार करायला लावावे.

५ जून ७५४ रोजी फ्रीसियात डोक्कुमजवळ झालेल्या त्यांच्या मृत्यूविषयीही सावध राहावे. विलिबाल्ड यांच्या मते हल्लेखोरांना लूट हवी होती आणि पेट्यांत त्यांना सोन्याऐवजी ग्रंथ सापडले. तलवारीचा वार अडवण्यासाठी संतांनी शुभवर्तमानाची (बायबलमधील येशूच्या जीवनावरील ग्रंथाची) प्रत डोक्यावर धरली, हा तपशील नंतरच्या चरित्रातला आहे. जर्मनीतील फुल्डा येथे जपलेल्या, खोल वारांच्या खुणा असलेल्या ग्रंथाशी तो सहज जोडला जातो. परंतु त्या ग्रंथात शुभवर्तमान नसून धर्मशास्त्रीय लेखन आहे.