केबल असो वा फायबर, घरातल्या वायरिंगच्या या चुका टाळा

चित्र मधेच गोठतं, आवाज तुटतो, नेट रेंगाळतं, आणि पहिलं खापर फुटतं कंपनीवर. बिघाड मात्र बऱ्याचदा शेवटच्या दहा-वीस मीटरमध्ये, म्हणजे वायर घरात शिरते तिथपासून यंत्रापर्यंत असतो. शिवाय ही लाइन तुमची एकट्याची नसते. केबलच्या एका नोडवर, म्हणजे गल्लीतल्या लाइनी जिथे एकत्र येतात त्या पेटीवर, काहीशे घरं असू शकतात, फायबरच्या एका फाट्यावर (एक फायबर जिथे अनेक घरांत वाटली जाते तिथे) साधारण 32 किंवा 64. म्हणून काही चुका शेजाऱ्यांनाही भोवतात.

सैल कनेक्टर

सगळ्यात जास्त त्रास देणारी आणि सगळ्यात कमी तपासली जाणारी जागा हीच. कोॲक्सियल वायरीच्या (केबल टीव्हीच्या जाड गोल वायरीच्या) टोकाचा एफ-कनेक्टर, म्हणजे फिरवून बसवायचा धातूचा जोड, नुसता अडकवून ठेवलेला असतो किंवा पकडीने कसाबसा दाबलेला असतो. बरोबर बसवायचा तर वरचं आवरण सुमारे 6 मिमी सोलायचं, तारांची जाळी मागे उलटवायची आणि मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेबाहेर 2 ते 3 मिमी ठेवायची. तार जास्त आखूड राहिली तर संपर्क होत नाही, लांब राहिली तर सॉकेटच्या आतल्या पात्या वाकतात. जाळीचा केसाएवढा धागा जरी मधल्या तारेला टेकला तरी लाइन शॉर्ट होते. कनेक्टर पकडीने चेपायचा (क्रिंप) न घेता अवजाराने सगळीकडून सारखा दाबून बसणारा (कॉम्प्रेशन) घ्या. हाताने घट्ट फिरवल्यावर 11 मिमीच्या पान्याने पाव फेरा पुरतो.

ढिल्या जोडातून सिग्नल बाहेर गळतो, तसा बाहेरचा गोंगाट आतही शिरतो. केबल मोडेमकडून नोडकडे जाणारा परतीचा सिग्नल ठेवणीतल्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर, बऱ्याच ठिकाणी 5 ते 42 किंवा 5 ते 65 मेगाहर्ट्झमध्ये असतो. विजेच्या मोटर, स्वस्त चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर यांचा कचरा नेमका याच पट्ट्यात पडतो. सगळ्या घरांचा परतीचा रस्ता नोडवर एकत्र येतो, त्यामुळे कचऱ्याचीही बेरीज होते. एका घरातला सैल जोड सगळ्या गल्लीचा अपलोड मारू शकतो, आणि तंत्रज्ञाला तो शोधताना एकेक फांदी तोडून बघावी लागते.

जुन्या ॲनालॉग टीव्हीवर सिग्नल घसरला की मुंग्या दिसायच्या, आधीच कळायचं. डिजिटलमध्ये तसा इशारा मिळत नाही. मर्यादेपर्यंत चित्र लख्ख असतं, आणि खाली गेलं की एकदम चौकोन-चौकोन होतं. ‘सकाळी छान, दुपारी फुटतं’ या तक्रारीमागे हेच असतं. तापलेल्या वायरीत सिग्नल थोडा जास्त झिजतो, आणि काठावर असलेला सिग्नल तेवढ्यानेच मर्यादेखाली जातो. पावसात फुटत असेल तर बाहेरच्या जोडात पाणी गेलंय असं समजा. वायर घरात शिरण्याआधी खाली झुकवून मग वर घ्या, म्हणजे पाणी त्या वाकातूनच गळून पडेल.

स्प्लिटरवर स्प्लिटर

स्प्लिटर म्हणजे एका वायरीतला सिग्नल अनेक वायरींत वाटणारा जोड. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक तोंडाला सुमारे 3.5 डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घटीचं माप) जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे 7 डीबी, आठच्यात 11 च्या आसपास. दुसऱ्या खोलीत टीव्ही आला म्हणून आधीच्या स्प्लिटरला आणखी एक जोडत गेलात, तर शेवटच्या टीव्हीपर्यंत फार थोडं पोचतं. मोडेमला पहिल्याच दोन-तोंडी स्प्लिटरची एक लाइन सरळ द्या आणि टीव्हीसाठी दुसरी. रिकाम्या तोंडांवर 75 ओहमचा टर्मिनेटर (तोंड बंद करणारी टोपी) लावा. डिशसाठीचा 950 ते 2150 मेगाहर्ट्झचा स्प्लिटर इथे चालत नाही, दिसायला तो अगदी तसाच असला तरी.

बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, हा यावरचा उपाय नाही. तो गोंगाटही तितकाच वाढवतो, आणि परतीचा मार्ग नसलेला बूस्टर बसवला तर मोडेम बंदच पडतो. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडतं ते) डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे 7 ते अधिक 7 डीबीएमव्हीच्या आत असेल तर निर्धास्त राहा. अपस्ट्रीम, म्हणजे मोडेमने पाठवलेला सिग्नल, 50 च्या वर जायला लागला असेल तर मोडेम घसा फोडून ओरडतोय, वाटेत कुठेतरी नुकसान होतंय.

फायबरला मुरड

खिळ्याभोवती गुंडाळलेली किंवा दाराच्या फटीत चेपलेली फायबर तुटलेली दिसत नाही, पण प्रकाश वाकातून बाहेर पडतो. साध्या फायबरचा वाक 3 सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळू नका. वाकाचा फटका लांब तरंगलांबीला आधी बसतो. इंटरनेट 1490 आणि 1310 नॅनोमीटरवर चालतं, तर फायबरवरून येणारा केबल टीव्ही बहुधा 1550 वर. म्हणून नेट ठीक आणि टीव्ही फुटतोय अशा वेळी आधी वायरीची मुरड शोधा.

फायबरच्या यंत्राच्या सेटिंगच्या पानावर दिसणारी, येणाऱ्या प्रकाशाची ताकद (ऑप्टिकल पॉवर) उणे 10 ते उणे 25 डीबीएमच्या दरम्यान असली तर ठीक. उणे 27 च्या पलीकडे गेली की लाइन डळमळते. ‘लॉस’चा लाल दिवा म्हणजे प्रकाशच येत नाही, तेव्हा यंत्र दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं आणि निळं सपाट, त्यामुळे एकाला दुसरं जोडू नका. टोकात डोळा लावून बघू नका आणि बोटही लावू नका. घरात पडलेला मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल इथरनेट वायरीत बदलणारा डबा) लावून बघण्याचा मोह तर टाळाच. तो सतत प्रकाश सोडत राहतो, आणि त्याच फाट्यावरची सगळी घरं खाली येतात.

दोष वायफायचा, तक्रार लाइनची

आधी राउटरला लॅपटॉप थेट वायरीने जोडून वेग मोजा. 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिट) लाइनवर डाउनलोड सेकंदाला 11-12 मेगाबाइट दिसणं बरोबर आहे, कारण आठ बिट्सचा एक बाइट. वेग नेमका 90-95 वर अडकत असेल आणि प्लॅन मोठा असेल, तर इथरनेट वायरीच्या आठांपैकी एखादी तार तुटलेली असण्याची शक्यता जास्त. वायफायवर 2.4 गीगाहर्ट्झला चॅनेल 1, 6 किंवा 11 निवडा. कपाटातला किंवा टीव्हीमागचा राउटर बाहेर काढा.

पिनने दाबायचं रीसेट बटण मात्र बाकी सगळे उपाय संपेपर्यंत दाबू नका. ते यंत्र बंद-चालू करत नाही, तर युजरनेम-पासवर्डसकट सगळी सेटिंग पुसतं, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत बसून राहावं लागतं. वीज काढून 30 सेकंद थांबा. आधी मोडेम लावा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर.

तक्रार करताना

‘नेट नाही’ एवढंच सांगितलं की तंत्रज्ञ रिकाम्या हाताने येतो. कोणते दिवे कोणत्या रंगाचे आहेत, वायरीने जोडूनही तेच होतं का, किती वाजता सुरू होतं आणि शेजाऱ्याकडे चालू आहे का, हे सांगा. टीव्ही असेल तर सगळे चॅनेल फुटतात की ठरावीक, ते पाहा. डिजिटल केबलमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर बरेच चॅनेल एकत्र येतात, त्यामुळे फुटणाऱ्या चॅनेलची यादी दिली की तंत्रज्ञ मीटर थेट त्या फ्रिक्वेन्सीवर लावतो.