डीसीसी लेआउटवर दोन इंजिनं एकमेकांशी का भांडतात, आणि ती कशी जुळवावीत

डीसीसी, म्हणजे डिजिटल आज्ञांनी चालणाऱ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर कन्सिस्ट (एकाच आज्ञेने चालणारी इंजिनांची जोडी) बांधायला अर्धा मिनिट लागतो. त्यानंतर इंजिनं एकमेकांना ओढतात, ढकलतात, एक चालतं आणि दुसरं गप्प उभं राहतं. मग सल्ले सुरू होतात: डीकोडर (इंजिनातली आज्ञा वाचणारी चिप) रीसेट करा, दोघांना एकच ॲड्रेस (इंजिनाला हाक मारायचा नंबर) द्या, दोन्ही एकाच कंपनीचे डीकोडर घ्या. रीसेटमुळे आधी केलेलं सगळं काम पुसलं जातं. एकच ॲड्रेस दिला की इंजिन वेगळं चालवायचं म्हटलं तरी दर वेळी ॲड्रेस बदलत बसावं लागतं. डीकोडर एकाच कंपनीचे असले तरी मोटर आणि गिअर वेगळे असतील तर वेगही वेगळाच राहतो. त्यापेक्षा खालच्या क्रमाने तपासा. रूळ आणि चाकं स्वच्छ आहेत आणि प्रत्येक इंजिन एकटं नीट धावतं, हे मी धरून चालतो.

इंजिन ऐकतच नाही

दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण इंजिन जागचं हलत नाही. दहापैकी नऊ वेळा दोष सीव्ही १९ मध्ये असतो (सीव्ही म्हणजे डीकोडरमध्ये साठवलेली आकड्याची सेटिंग). ॲडव्हान्स्ड कन्सिस्टचा नंबर डीकोडर याच सीव्हीमध्ये ठेवतो. तिथे शून्याशिवाय काहीही असलं, तर इंजिन स्वतःच्या ॲड्रेसवरून आलेला वेग आणि दिशा मानत नाही. फंक्शन (दिवे, हॉर्न) मात्र मानतं, म्हणून डीकोडर जळाला अशी शंका घेऊ नका. सीव्ही १९ मध्ये ० लिहा. मेन ट्रॅकवर, इंजिनाच्या स्वतःच्या ॲड्रेसवरूनही ते लिहिता येतं.

मित्राकडून आणलेल्या इंजिनात हे हमखास होतं. एनसीईसारखी कंट्रोल सिस्टीम कन्सिस्टचा नंबर डीकोडरमध्ये लिहिते आणि १२७ पासून खाली मोजत जाते. दुसरी सिस्टीम डिजिट्रॅक्स, तिचा नेहमीचा कन्सिस्ट कमांड स्टेशनच्या (आज्ञा पाठवणाऱ्या मुख्य पेटीच्या) आठवणीत राहतो, डीकोडरला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे एनसीईवर बांधलेलं इंजिन कन्सिस्ट न मोडता डिजिट्रॅक्सवर नेलं की ते मुकाट उभं राहतं. डिजिट्रॅक्सच्या कमांड स्टेशनवर कितीही वेळा कन्सिस्ट पुसलात तरी डीकोडरमधला आकडा तसाच राहतो.

आणखी एक चकवा. कन्सिस्टला १२० नंबर दिलात आणि यार्डात एखाद्या शंटरचा शॉर्ट ॲड्रेसही १२० असला, तर तोही निघून जाईल. इंजिनांना चार आकडी लाँग ॲड्रेस दिले की हा प्रश्न उरत नाही.

दोन्ही विरुद्ध दिशेला ओढतात

पाठीला पाठ लावलेल्या जोडीत मागच्या इंजिनाचा सीव्ही १९ म्हणजे कन्सिस्टचा नंबर अधिक १२८. नंबर १२७ असेल तर २५५. सीव्ही २९ मधला दिशेचा बिट (चालू-बंदची खूण) उलटवू नका. त्याने जोडी चालते, पण तेच इंजिन एकटं काढलं की थ्रॉटलवर पुढे दिलेली आज्ञा त्याला मागे घेऊन जाते.

वेग जुळवणं

खरं काम इथे आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. जोडी जुळवू नका. ‘ब’ला ‘अ’शी जुळवलंत, ‘क’ला ‘ब’शी जुळवलंत, की ‘अ’ आणि ‘क’ पुन्हा वेगळे पडतात. एक मोजमाप ठरवा आणि घरातलं प्रत्येक इंजिन त्याच मोजमापाला आणा. मग कोणतीही दोन इंजिनं कधीही जोडता येतात.

एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ ला, सपाट आणि सरळ रुळावर २ मीटर अंतर चिकटपट्टीने खुणावून घ्या. ताशी १०० किलोमीटरच्या प्रमाणवेगाने हे अंतर ६.३ सेकंदांत पार होतं, ५० ने १२.५ सेकंदांत. मालगाडीच्या डिझेलला यापेक्षा जास्त वेग लागत नाही. सर्वांत मंद इंजिन १०० गाठत नसेल, तर सगळ्यांसाठी ८० ठेवा, म्हणजे ७.८ सेकंद. पळणाऱ्याला आवरता येतं, पण ज्या मोटरमध्ये वेगच नाही तिच्यात तो कुठून आणणार? एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, २ मीटरसाठी १,१५२ ला ताशी किलोमीटरने भागा, सेकंद मिळतात.

मोजण्याआधी इंजिन दोन्ही दिशांना पंधरा-पंधरा मिनिटं फिरवा. थंड ग्रीसवर घेतलेली मापं अर्ध्या तासात खोटी ठरतात. सीव्ही ३ (वेग चढण्याचा) आणि ४ (वेग उतरण्याचा) शून्यावर ठेवा, नाहीतर इंजिन खुणेपाशी पोचलं तरी वेग चढतच असतो. थ्रॉटल १२८ स्टेपवर (वेगाच्या पायऱ्यांवर) ठेवा. सीव्ही २९ मधला स्पीड टेबलचा (पायरीगणिक वेग ठरवणाऱ्या तक्त्याचा) बिट बंद हवा, तो चालू असेल तर बऱ्याच डीकोडरमध्ये सीव्ही ५ (कमाल वेग) आणि ६ (मधला वेग) बदलून काहीच फरक पडत नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. शॉर्ट ॲड्रेसला सीव्ही २९ = ६, लाँग ॲड्रेसला ३८, ही साधी सुरुवात.

आता क्रम. आधी सीव्ही ५: थ्रॉटल पूर्ण उघडा, वेळ मोजा, इंजिन जोरात जात असेल तर आकडा कमी करा. २५५ म्हणजे पूर्ण व्होल्टेज, १५० म्हणजे साधारण ५९ टक्के. सीव्ही ५ मध्ये ० किंवा १ असेल तर बरेच डीकोडर ती सूचना धरतच नाहीत आणि पूर्ण जोराने चालतात. नंतर सीव्ही २: स्टेप १ वर चाकं जेमतेम फिरावीत, इंजिन अडखळू नये. सीव्ही ६ सर्वांत शेवटी, स्टेप ६३ वर ठरवलेल्या वेगाच्या निम्मा वेग (१०० ठेवला असेल तर १२.५ सेकंद) येईपर्यंत. सीव्ही ६ आधी लावून मग सीव्ही ५ ला हात लावलात, तर मधला वेग पुन्हा हलतो आणि काम दुप्पट होतं. काही नव्या डीकोडरमध्ये सीव्ही ६ नसतोच. तिथे स्पीड टेबल चालू करून सीव्ही ८० च्या आसपासचे आकडे बदला आणि दोन्ही बाजूंना उतार हळूहळू घ्या, मध्ये पायरी ठेवू नका.

यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: पाठीला पाठ लावलेल्या जोडीत मागचं इंजिन उलटं धावत असतं. म्हणजे पुढच्याचा पुढचा वेग मागच्याच्या मागच्या वेगाशी जुळायला हवा. दोन्ही दिशांना मोजा. फरक आढळला तर सीव्ही ६६ (पुढे) आणि ९५ (मागे) वापरा. १२८ म्हणजे बदल नाही, १२० म्हणजे सुमारे सहा टक्के कमी. काही डीकोडर हे दोन सीव्ही स्पीड टेबल चालू असतानाच मानतात, तेव्हा आकडा बदलून परिणाम दिसला नाही तर आधी तेच बघा.

स्टॉपवॉचने बोट चुकतं, म्हणून शेवटची परीक्षा डोळ्याने. कन्सिस्ट बांधा, पण कपलर जोडू नका. गोल मार्गावर दोघांमध्ये वीतभर अंतर ठेवून स्टेप १०, ६३ आणि १२६ वर फिरवा. दोन फेऱ्यांत अंतर थोडं बदललं तर चालेल. सतत वाढत किंवा घटत असेल, तर त्या स्टेपजवळचा सीव्ही पुन्हा बघा. थोडा फरक उरलाच, तर किंचित वेगवान इंजिन पुढे लावा. कपलर ताणलेले राहतात, ढकलाढकलीपेक्षा ते बरं.

बीईएमएफबद्दल (मोटरच्या उलट व्होल्टेजवरून वेग राखणारी डीकोडरची सोय) माझं मत पक्कं आहे: दोन्ही इंजिनांवर तो पूर्ण जोरात ठेवू नका. प्रत्येक डीकोडर आपलाच वेग खरा मानून राखू पाहतो, आणि चढावर दोघांची रस्सीखेच होऊन गाडी उचक्या देते. ज्या डीकोडरमध्ये सीव्ही १० हा बीईएमएफचा कटआउट (तो बंद होण्याची स्टेप) आहे, तिथे तो फक्त मंद वेगापुरता ठेवा. बाकीच्यांत जोर कमी करा. बदल केल्यावर वेळ पुन्हा मोजायलाच हवी, कारण बीईएमएफ कमी-जास्त झाला की वेगही बदलतो.

सगळं जमलं की सीव्ही २, ५, ६, ६६, ९५ चे आकडे लिहून ठेवा. जेएमआरआय (लेआउटसाठीचं संगणक सॉफ्टवेअर) वापरत असाल तर डीकोडरप्रोच्या रोस्टरमध्ये साठवा.

फक्त सुटताना किंवा थांबताना झटका

एका वेगाने धावताना जोडी सुरळीत आणि निघताना मात्र हिसका, तर सीव्ही ५-६ ला हात लावू नका. दोष सीव्ही ३-४ मध्ये आहे. वेगवेगळ्या कंपन्यांत तोच आकडा वेगवेगळे सेकंद देतो, म्हणून दोघांत सारखे आकडे लिहून भागत नाही. ० पासून स्टेप ६३ पर्यंत चढायला लागणारा वेळ मोजून जुळवा. आवाजाच्या डीकोडरमध्ये डिझेल सुरू होण्याचा आवाज संपेपर्यंत इंजिन अडवून ठेवणारी सोय असते. कन्सिस्टमध्ये ती बंदच करा.

दिवे आणि हॉर्न

कन्सिस्टच्या नंबरवरून आलेली कोणती फंक्शन मानायची ते सीव्ही २१ (एफ१ ते एफ८) आणि २२ (दिवे, एफ९ ते एफ१२) ठरवतात. पुढच्याला घंटा, हॉर्न आणि एफ८ चा आवाज-बंद हवा असेल तर सीव्ही २१ = १३१. मागच्याला फक्त आवाज-बंद, म्हणजे १२८. पुढच्याचा सीव्ही २२ = १. पाठीला पाठ असलेल्या मागच्यालाही १ देऊन बघा, चुकीचा दिवा लागला तर २.

एकाच जागी अडखळतं

तो डीकोडरचा दोष नाही. फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो भाग), सैल जॉइनर (रूळ जोडणारी पट्टी) किंवा दूरचा फीडर (रुळाला वीज देणारी तार) बघा. प्रत्येक १ ते २ मीटरला फीडर द्या, आणि सगळीकडे दोन्ही रुळांवर आडवं नाणं ठेवून शॉर्ट केल्यावर बूस्टर (रुळाला पॉवर देणारी पेटी) लगेच बंद पडतो का ते तपासा.

गाडीच्या मागे बँकर (चढावर मागून ढकलणारं इंजिन) लावायची हौस कर्जत–लोणावळा चढ पाहिलेल्या सगळ्यांनाच असते. खऱ्या घाटात बँकरवर वेगळा लोको पायलट असतो आणि तो जोर सांभाळतो. लेआउटवर तेच काम आंधळा कन्सिस्ट करतो. मागचं इंजिन जरा वेगवान असेल तर वळणावर हलके डबे बाहेर फेकले जातात. बँकर पुढच्यापेक्षा किंचित मंद ठेवा, डबे वजनदार करा आणि ४५० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येच्या वळणावर हा प्रयोग करू नका.

तीन-चार आवाजाची इंजिनं एकत्र लावल्यावर पॉवर चालू करताच सिस्टीम ट्रिप होत असेल, तर शॉर्ट शोधण्याआधी एक इंजिन उचलून बघा. साउंड डीकोडरचे कपॅसिटर चालू होताना एकदम करंट खेचतात, आणि सुमारे २ ॲम्पिअरच्या छोट्या सिस्टीमला ते झेपत नाही. अशा वेळी मोठा बूस्टर घ्या, किंवा लेआउटचे तुकडे करून ते एकामागून एक चालू करा.