जपानी सम्राटाची आख्यायिका कशी तपासावी

आसीरगड किल्ल्याचे नाव आसा अहिर या गवळी सरदारावरून पडले असे खानदेशात सांगतात; ही झाली ऐकीव कथा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाचे वजन मात्र वेगळे, कारण तो त्याच काळात कोरलेला आहे. जपानचा आद्य सम्राट जिम्मू अभ्यासतानाही हाच भेद करावा. त्याचे राज्यारोहण इ.स.पू. ६६० मध्ये झाले असे मानणारी कालगणना ‘निहोन शोकी’ या इ.स. ७२० च्या ग्रंथावर उभी आहे, तेव्हा मधले तेराशेहून अधिक वर्षांचे अंतर आधी मोजावे. मग समकालीन वस्तू पाहावी: जपानमधल्या इनारियामा या प्राचीन थडग्यात १९६८ मध्ये सापडलेल्या गंजलेल्या तलवारीवर १९७८ मध्ये क्ष-किरणांखाली सोन्याने जडवलेली ११५ अक्षरे दिसली आणि त्यांतील ‘वाकाताकेरू’ हे नाव बहुतेक अभ्यासक पाचव्या शतकातील सम्राट युर्याकूचे मानतात. जिम्मूला वाट दाखवणारा कावळा कथेतच ठेवावा. तो मोठा गोड आहे, पण पुरावा नव्हे.